ट्रान्समवर २२९ किलो : ३०० हॉर्सपॉवरचं व्ही-८ आऊटबोर्ड, जॅक प्लेट आणि ट्रिमचं बटण

आधी मार्क देऊन टाकतो. मर्क्युरीचं ४.६ लिटर व्ही-८, ३०० प्रो एक्सएस, हे बोटीच्या मागे बाहेरून टांगायचं आऊटबोर्ड, इंजिन म्हणून ५ पैकी साडेचार. पण जुन्या हलक्या इंजिनाच्या हिशोबाने बनलेल्या बोटीवर ते नुसतं बोल्ट मारून लावलं आणि निघालात, तर त्याच सेटअपला मी अडीचच्या वर देणार नाही. मधले दोन मार्क वजन नेमकं कुठे बसलंय आणि अंगठ्याखालचं ट्रिमचं (इंजिन आत-बाहेर कलतं करायचं) बटण कसं वापरताय यावर आहेत, आणि हा रिव्ह्यू जास्त करून त्या दोन मार्कांचाच आहे, कारण इंजिनाचं कौतुक वाचायला सगळीकडे मिळतं, ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या ज्या मागच्या फळीवर इंजिन बसतं तिच्यावर, वाढलेल्या किलोंबद्दल कोणी धड बोलत नाही.

माझी बोट २२ फुटी, डीप-व्ही टाइप हल (बोटीचं अंग, खाली खोल 'व्ही' आकाराचं), तळाला मागच्या भागात अरुंद सपाट पॅड. स्पीडला सगळी बोट त्या पॅडवरच तरंगते, बाकी हल हवेत. आधी तिच्यावर २.५ लिटरचं टू-स्ट्रोक व्ही-६ होतं, २०० हॉर्सपॉवर, वजन १८० किलोच्या आसपास. धूर काढायचं, पेट्रोल ढोसायचं, पण हलकं होतं आणि बोट त्याच्याच मापाने बनली होती. नवीन इंजिन कंपनीच्या आकड्याप्रमाणे २२९ किलो, तेही सगळ्यात लहान शाफ्टवालं मॉडेल, ऑइल आणि प्रॉप (पाण्यातला पंखा) धरून नाही. म्हणजे फरक सरळ पन्नास किलोचा.

आता इथे एक गंमत सांगायला हवी. मर्क्युरीने २०१८ मध्ये हे व्ही-८ आणलं तेव्हा ऑप्टिमॅक्स टू-स्ट्रोकची जागा त्याने घेतली, आणि ३ लिटरचं ऑप्टिमॅक्ससुद्धा २२९ च्याच आसपास होतं. म्हणजे ज्यांच्या बोटीवर ऑप्टिमॅक्स होतं त्यांना हा बदल फुकटात पडला, वजन तेवढंच, ताकद जास्त, आवाज कमी. त्याआधीचं सुपरचार्जर असलेलं सहा सिलिंडर व्हेराडो २८८ किलोचं होतं, त्यामानाने तर हे इंजिन बारीकच म्हणायचं. रडायचं कारण फक्त २.५ लिटरच्या जमान्यातल्या बोटी असणाऱ्यांना, आणि अशा बोटी अजून ढिगाने आहेत, हल मस्त ठणठणीत असतं आणि इंजिन मात्र दम टाकत असतं. मग माणूस काय करणार, नवीन इंजिन बघायला लागतो.

पन्नास किलो म्हणजे सिमेंटची एक गोणी. दोन-पावणेदोन टनाच्या भरलेल्या बोटीत गोणी मध्यभागी ठेवली तर कळणार पण नाही. पण हीच गोणी स्कूटरच्या मागच्या कॅरिअरवर बांधा आणि मग वळून बघा. बोटीत तर ती कॅरिअरच्याही मागे लटकते, कारण आऊटबोर्डचं वजन ट्रान्समच्या बाहेर असतं, आणि वरून हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा जड भाग, उंचावर असल्यामुळे ती गोणी उंचही टांगलेली असते. मागे असण्याचा त्रास वेगळा आणि उंच असण्याचा वेगळा, हे दोन लोक नेहमी एकात करतात.

मागे असण्याचा त्रास लगेच दिसतो. बोट उभी असताना मागची बाजू एक-दोन बोटं जास्त बुडते, स्प्लॅशवेलमध्ये (ट्रान्समच्या आतल्या खोलगट जागेत) पाणी खेळायला लागतं, आणि पूर्ण स्पीडवरून थ्रॉटल झटकन सोडला की मागून येणारी स्वतःचीच लाट ट्रान्समवर चढायला बघते. ही सवय पहिल्या दिवशीच लावून घ्या, थ्रॉटल टप्प्याटप्प्यात सोडायचा. आणि बोटीवर जी प्लेट असते, हॉर्सपॉवर आणि वजनाची मर्यादा लिहिलेली, ती इंजिन घ्यायच्या आधी वाचा, नंतर नाही.

मग येतो होल शॉट, म्हणजे उभ्या बोटीने थ्रॉटल ठोकला की प्लेनवर, म्हणजे पाण्याच्या वर उचलून घसरत चालायला, यायला लागणारा वेळ. इंजिनाचा टॉर्क बघता हे रॉकेटसारखं निघायला हवं, आणि निघतं पण, पण नाक आधी आभाळाकडे जातं आणि दोन-तीन सेकंद समोर फक्त डेक दिसतो. जुन्या इंजिनाला ट्रिम अर्धवट आत असला तरी बोट उठायची. आता पूर्ण आत, म्हणजे प्रॉप ट्रान्समकडे जेवढा येतो तेवढा ओढून घ्यावाच लागतो, तसं केलं की नाक पटकन खाली येतं. आणि एकदा प्लेनवर आली की ट्रिम लगेच हळूहळू बाहेर काढत न्यायचा, कारण आत ओढलेला ट्रिम स्पीडला ठेवला तर बोट नाकावर चालते, स्टिअरिंग जड होतं आणि नाकानेच दिशा पकडून भलतीकडे ओढायला लागते. हे शेवटचं धोक्याचं आहे, त्यावर पुढे येतो.

आता थोडा हिशोब करू या, कंटाळा आला तर हा पॅरा सोडा, पण मला स्वतःला सगळं कोडं इथेच सुटलं. ट्रिम बाहेर काढला की प्रॉपशाफ्टचं मागचं टोक वर उचललं जातं, पाणी मागे आणि किंचित वर फेकलं जातं, म्हणजे उलट धक्का पुढे आणि किंचित खाली बसतो. तो खालचा हिस्सा ट्रान्समला दाबतो, म्हणून नाक उठतं. किती दाबतो? ३०० हॉर्सपॉवर म्हणजे साधारण २२४ किलोवॅट, प्रॉप त्यातलं दोन तृतीयांश कामाला लावतो असं धरा, उरले १५० किलोवॅट. ताशी ७० मैल म्हणजे सेकंदाला ३१ मीटर. भागाकार केला की ढकलण्याची ताकद येते पावणेपाच हजार न्यूटनच्या आसपास, किलोच्या भाषेत ४८०-४९० किलो. ट्रिम ५ ते ६ अंश बाहेर काढला तर त्यातले ४० ते ५० किलो खाली दाबायला जातात.

म्हणजे बघा, नवीन इंजिनाचे जादा ५० किलो तेच काम करतायत जे आधी ५-६ अंश ट्रिम करत होता. फरक इतकाच की ट्रिम बटणाने परत घेता येतो आणि किलो चोवीस तास तिथेच बसलेले असतात. जड इंजिन तुमच्या ट्रिमच्या खात्यातून आधीच पैसे काढून ठेवतं. म्हणून जुन्या बोटीला जी गेजवरची अर्ध्याच्या वरची खूण गोड लागायची, तिथपर्यंत नव्या इंजिनावर गेलात की नाक हवेत, प्रॉप हवा पितोय आणि स्पीड जागच्या जागी. कोणी विचारलं ट्रिम किती ठेवू, तर दुसऱ्याच्या गेजचा आकडा सांगून उपयोग नाही म्हणतो ते यामुळे. प्रत्येक बोटीचं खातं वेगळं.

माझ्या बोटीवर गोड जागा शोधायची पद्धत सांगतो. शांत पाणी, समोर मोकळं, टाकी अर्धी. थ्रॉटल एका जागी फिक्स, हात हलवायचा नाही. अंगठ्याने बटण टिचकी मारल्यासारखं, दाबून धरायचं नाही. प्रत्येक टिचकीनंतर दोन-तीन सेकंद थांबायचं आणि तीन गोष्टी बघायच्या: जीपीएसचा स्पीड, आरपीएम, आणि बाजूने पाण्याचा फवारा हलच्या कुठल्या भागातून सुटतोय. ट्रिम बाहेर जाईल तसा फवारा मागे मागे सरकतो, आधी तो ड्रायव्हरच्या सीटच्या रेषेत असतो, मग मागच्या सीटच्या, मग ट्रान्समच्या जवळ. जेवढा मागे तेवढा हल कमी ओला, तेवढं घर्षण कमी. स्टिअरिंग पण हातात हलकं होत जातं, आणि एका पॉइंटला बोट सैल सुटल्यासारखी होते, ज्याने अनुभवलंय त्याला कळेल. तिथून पुढची एक टिचकी मारली की आरपीएम वाढतात आणि जीपीएस ढिम्म. हीच हद्द. एक टिचकी आत घ्यायची आणि तिथे राहायचं.

आरपीएम वाढले आणि स्पीड नाही, म्हणजे स्लिप, प्रॉपचं पाण्यात घसरणं, वाढला. हे मोजता येतं, अंदाजाने बोलायची गरज नाही. आरपीएम गुणिले प्रॉपचा पिच (एका फेरीत तो जेवढा पुढे जायला हवा) इंचात, भागिले गिअर रेशो, भागिले १०५६, उत्तर येतं ताशी मैलात, म्हणजे प्रॉप स्क्रूसारखा न घसरता गेला असता तर किती स्पीड. उदाहरणार्थ ६००० आरपीएम, २४ पिच, १.७५ रेशो, येतात ७८ मैल. जीपीएस ७० दाखवत असेल तर स्लिप १० टक्के, चांगलं आहे. आता ट्रिम अजून बाहेर नेला, आरपीएम ६१०० झाले, जीपीएस ७० च, तर स्लिप साडेअकराच्या वर गेला. टॅकोमीटर बघून खूश होणाऱ्यांनी हे गणित एकदा करून बघावं, अर्ध्यांचा ट्रिम जास्त बाहेर निघेल.

हॅन्डलिंगमधला सगळ्यात त्रासदायक पट्टा मात्र टॉप स्पीडचा नाहीये, मधला आहे. ताशी ३० ते ४० मैल, जिथे माणूस निवांत गप्पा मारत चाललेला असतो. वजन मागे गेलं की याच पट्ट्यात बोट नाक वर-खाली आपटायला लागते, त्याला पॉर्पॉइझिंग म्हणतात. कारण सोपं आहे, बोटीचा तोल मागे सरकलाय आणि पाण्याची उचल त्याच्या पुढे आहे, नाक उठतं, उचल कमी होते, नाक पडतं, परत उचल, आणि हा झोपाळा स्वतःच स्वतःला चालवत राहतो. थ्रॉटल वाढवून त्यातून बाहेर पडायला बघणारे लोक आहेत, कधी पडतातही, पण योग्य इलाज ट्रिम थोडा आत घेणे हाच. माझ्याकडे जुन्या इंजिनाला हे अगदी क्वचित व्हायचं, नव्याला सुरुवातीला रोजचं होतं. ट्रिम टॅब (ट्रान्समच्या खालच्या कडेला लावायच्या हलत्या पट्ट्या) लावले तर हा त्रास जातो, टॅब मागची बाजू उचलतात, पण प्रत्येक टॅब पाण्यात ब्रेकही लावतो, म्हणून स्पीडची आवड असणारे नाक मुरडतात. ज्यांना चार माणसं आणि सामान घेऊन फिरायचंय त्यांनी बिनधास्त लावा.

उंच वजनाचा त्रास दिसतो एकदम वर, जिथे बोट फक्त पॅडवर आहे. पॅड असतो जेमतेम वीतभर, त्यावर पावणेदोन टन तोल सांभाळतोय, आणि मागे हेडचं वजन माणसाच्या छातीच्या उंचीवर. प्रॉप एका दिशेने फिरतो म्हणून बोटीला एका कुशीवर लोळवायला बघतो, बोट एका कुशीवर पडते, हल तिला परत ढकलतं, ती दुसऱ्या कुशीवर जाते, आणि झालं सुरू डावं-उजवं डावं-उजवं. चाइन वॉक. पहिल्यांदा होतं तेव्हा पोटात गोळा येतो. वाढत गेला तर बोट फेकली जाऊ शकते, म्हणून सुरुवातीला एकच नियम: सुरू झाला की थ्रॉटल अलगद कमी, ट्रिम थोडा आत, मोठं स्टिअरिंग मारायचं नाही. पुढे हात बसला की कुशीवर जायच्या आधीच स्टिअरिंगला केसाएवढा इशारा देऊन बोट तोलावर धरता येते, पण त्यासाठी स्टिअरिंगमध्ये शून्य खेळ पाहिजे. जुनी केबल स्टिअरिंग असेल आणि चाक थोडं हलवून इंजिन हलत नसेल तर ३०० हॉर्सपॉवर विसरा, आधी हायड्रॉलिक स्टिअरिंग घाला. हा खर्च ऐच्छिक नाही.

दोन इंजिनं असतील तर उलट-सुलट फिरणारे प्रॉप हा लोळवणारा टॉर्क एकमेकांचा खाऊन टाकतात, तिथे चाइन वॉक खूपच कमी, पण वजन दुप्पट. काही ना काही द्यावंच लागतं.

वळणाचं बोलतो म्हणालो होतो. सरळ रेषेत जो ट्रिम गोड तोच वळताना वाईट. बोट वळताना झुकते, बाहेर काढलेला प्रॉप पृष्ठभागाच्या जवळ येतो, हवा पितो, आरपीएम किंचाळत वर जातात आणि ढकलणं गायब, त्याला ब्लोआउट म्हणतात. मग घाबरून लोक ट्रिम पूर्ण आत ओढून वळतात, आणि ते त्याहून वाईट. नाक पाण्यात रुतलेलं, मागची बाजू उचललेली, स्पीड आहे, वळण मारलं की नाक पकडून ठेवतं आणि मागची बाजू गोल फिरून पुढे यायला बघते. मागे जड इंजिन असलं की फिरायला लागलेलं ते वजन थांबवणंही जास्त कठीण, हा मुद्दा जड आऊटबोर्डची बाजू घेणारं कोणी सांगत नाही. मी करतो ते असं: वळायच्या आधी स्पीड थोडा कमी, ट्रिम अर्ध्याच्या खाली पण पूर्ण आत नाही, मग वळण, आणि वळणाच्या मध्यानंतर थ्रॉटल. किल स्विचची (माणूस जागेवरून फेकला गेला की इंजिन बंद करणारी) दोरी कायम कमरेला. याच्यात चर्चा नाही.

आता जॅक प्लेट, म्हणजे ट्रान्सम आणि इंजिन यांच्या मधली, इंजिन वर-खाली करणारी प्लेट. हायड्रॉलिक, २५ सेंटिमीटर सेटबॅकवाली घेतली, ब्रँड सांगत नाही कारण तक्रार आहे. कल्पना अशी की इंजिन ट्रान्समपासून थोडं मागे गेलं की हलच्या खालून सुटलेलं पाणी वर उठतं, त्या उठलेल्या स्वच्छ पाण्यात प्रॉप उंचावर ठेवता येतो, लोअर युनिट (इंजिनाचा पाण्यातला खालचा भाग) पाण्यात कमी बुडतं, घर्षण कमी. आणि मुख्य म्हणजे उंची आणि ट्रिम वेगवेगळे होतात. आधी नाक उचलायचं आणि घर्षण कमी करायचं अशी दोन्ही कामं एकाच ट्रिमच्या बटणाकडे होती. प्लेट आली की ट्रिम नाकासाठी आणि प्लेट घर्षणासाठी. जड इंजिनावर ही फारच कामाची चीज आहे, कारण ट्रिमचं खातं आधीच रिकामं असतं, जास्तीचा स्पीड तुम्ही उंचीतून काढता. इंजिन दोन-तीन सेंटिमीटर वर घेतलं की नाक आपोआप थोडं खाली बसतं आणि बोट चाइन वॉकमधूनही शांत होते, हे मला खरंच आवडलं.

पण वर घेताना नजर वॉटर प्रेशर गेजवर. कूलिंगचं पाणी लोअर युनिटच्या बाजूच्या जाळीतून येतं, जाळी पाण्याच्या वर आली की प्रेशर पडतं आणि टेम्परेचरचा काटा हलायच्या आत नुकसान सुरू झालेलं असू शकतं. खाली पाणी घेणारं लोअर युनिट असेल तर जास्त मोकळीक मिळते. ज्यांच्याकडे वॉटर प्रेशर गेजच नाही त्यांनी जॅक प्लेट घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि प्लेटची किंमत पण वजनातच मोजा. माझी २८ किलोची निघाली. ट्रान्समच्या दोन मीटर पुढे बोटीचा तोल आहे असं ढोबळ धरलं तर जादा ५० किलो इंजिनाचं ओझं तोलापासून २.३ मीटरवर, म्हणजे ११५. सगळं इंजिन २५ सेंटिमीटर मागे सरकलं त्याचे ५७. प्लेटचे स्वतःचे ५९. बेरीज २३० किलो-मीटर (किलो गुणिले मीटर, अंतराचा किलोमीटर नव्हे). नुसत्या इंजिनाच्या जवळपास दुप्पट झाली की हो! ब्रोशरमध्ये लिहिलेले पन्नास किलो वाचून कोणी निवांत बसलं असेल तर हा आकडा बघा.

यावर सगळ्यात स्वस्त इलाज मला बॅटरीत सापडला. दोन बॅटऱ्या, प्रत्येकी २५ किलो, ट्रान्समला चिकटून होत्या. त्या तीन मीटर पुढे, कन्सोलच्याही पुढच्या लॉकरमध्ये नेल्या. दीडशे किलो-मीटर परत मिळाले, म्हणजे बिघडलेल्यातलं दोन तृतीयांश दुरुस्त, एक ग्रॅम वजन कमी न करता. पॉर्पॉइझिंगचा पट्टा जवळपास गेला. केबल मात्र जाड घ्याव्या लागतात, लांबी वाढली की व्होल्टेज पडतं आणि व्ही-८ चा स्टार्टर बारीक केबलवर रुसतो. नांगर, साखळी, हत्यारांची पेटी, जे जे जड ते ते पुढे. पेट्रोलचंही लक्षात ठेवा, १०० लिटर म्हणजे ७४-७५ किलो, टाकी मागे असेल तर भरलेल्या आणि रिकाम्या टाकीचा ट्रिम एक नसतो, सकाळी शोधलेली गोड जागा दुपारी हललेली असते.

फिटिंगबद्दल. ज्यांच्याकडून करून घेतलं त्यांचं काम देखणं होतं, वायरिंग सुबक, रिगिंग ट्यूब नीट, पण इंजिनाची उंची त्यांनी जुन्या इंजिनाच्याच भोकांवर ठेवली आणि ट्रिमची बाहेरची लिमिट तपासलीच नाही. जुना प्रॉप लावून आरपीएम लिमिटरला आपटून आले आणि 'मस्त पळतंय' म्हणून चावी दिली. विचारलं की टेस्टला बोटीत किती माणसं होती, टाकी किती भरलेली, स्लिप किती आला, तर एकमेकांकडे बघायला लागले. इंजिन बदलताना पैसे द्यायच्या आधी हे तीन प्रश्न विचारा, उत्तर मिळालं तर ठिकाण बरं. जॅक प्लेटचा पंपही पहिल्या सीझनलाच तेल गाळायला लागला, सील बदलून मिळालं पण त्यासाठी बरेच फोन करावे लागले, म्हणून प्लेटला ३ मार्क. आयडिया पाचाची, पंप दोनाचा.

प्रॉपवर थोडक्यात, नाहीतर वेगळाच विषय होईल. तीन पात्यांचा जास्त रेक (पाती मागे कललेली असण्याचा कोन) असलेला प्रॉप नाक उचलतो, चार पात्यांचा मागची बाजू उचलतो आणि पाणी घट्ट पकडतो. हलक्या इंजिनाच्या काळात नाक उचलणारा प्रॉप लागायचा. आता नाक उचलायला गोणी बसलीच आहे मागे, तेव्हा चार पात्यांचा लावला. टॉपला एक-दोन मैल गेले, पण होल शॉट, मधला पट्टा आणि वळणं, तिन्ही सुधारली. रेसिंग करत नसाल तर हा सौदा डोळे झाकून करा.

मर्क्युरीचं जीपीएसवर चालणारं ऑटो ट्रिम, अॅक्टिव्ह ट्रिम म्हणतात त्याला, २०१६ पासून मिळतं, स्पीड आणि आरपीएम बघून स्वतःच ट्रिम आत-बाहेर करतं, वेगवेगळे प्रोफाइल असतात. मित्राच्या बोटीवर चालवून बघितलंय. नवशिक्यासाठी आणि कुटुंब घेऊन फिरणाऱ्यासाठी झकास, होल शॉटला ट्रिम आत आणि प्लेनवर आल्यावर बाहेर हे विसरायचा प्रश्नच मिटतो. पण टाकी रिकामी झाली, पुढे दोन माणसं बसली, वारा समोरून आला, हे त्याला जीपीएसवरून काय कळणार. पॅड हल आणि टॉप स्पीडची आवड असेल तर अंगठाच बरा. ट्रिमचं बटण थ्रॉटलवर असण्यापेक्षा स्टिअरिंगमागे इंडिकेटरच्या दांडीसारखं असेल तर दोन्ही हात जागेवर राहतात, हा छोटा बदल मी करून घेतला आणि पूर्ण समाधानी आहे.

अजून मोठं इंजिन घेऊ का असं विचारणाऱ्यांसाठी. ४५०आर ३१३ किलोचं आहे, त्याच ४.६ वर सुपरचार्जर. २२ फुटी एकेरी हलवर ते लावणारे आहेत, पण बोट त्याच्यासाठी बनलेली असेल तरच. व्ही-१२ व्हेराडो, २०२१ चं ६०० हॉर्सपॉवरवालं, ५७० किलोच्या वर जातं आणि त्यात इंजिनाचं हेड वळतच नाही, फक्त खालचा गिअरकेस वळतो, एवढं वजन डावं-उजवं फिरवत बसायला नको म्हणून केलेली सगळ्यात हुशार गोष्ट. ते मोठ्या बोटींचं काम, आपल्या साइजला फक्त बघून खूश व्हायचं.

आणि स्टर्नड्राइव्हवाले (इंजिन बोटीच्या आत, फक्त ड्राइव्ह ट्रान्समबाहेर) हसतील, त्यांच्या ८.२ लिटर बिग ब्लॉकचं ड्राइव्हसकट वजन अर्ध्या टनाच्या वर असतं. पण ते ट्रान्समच्या आत आणि तळाशी बसतं, तोलाच्या जवळ आणि खाली, म्हणून तेवढे किलो असूनही बोट कुशीवर लोळायला कमी बघते. लाटांमध्ये ती बसकी, भारदस्त चाल आऊटबोर्डला येत नाही हे कबूल. उलट ड्राइव्हची उंची चालता चालता बदलता येत नाही, सगळा खेळ ट्रिमवरच, आणि आत ओढलेल्या ड्राइव्हने स्पीडला वळलात तर गोल फिरण्याचा धोका तिथेही तेवढाच. काहींनी कास्ट आयर्न काढून अॅल्युमिनियम ब्लॉक टाकलेत, तिथे मात्र आधी तपासा, पुढून वजन कमी झालं की मागच्या ड्राइव्हचा वाटा वाढतो आणि जुनी ट्रिमची खूण तिथेही चुकते.

बाकी इंजिनाबद्दल तक्रारीला जागा नाही. थंडीत पहिल्या चावीला सुरू, वरची छोटी खिडकी उघडून कव्हर न काढता ऑइल बघता येतं, धूर नाही, क्रूझिंगला शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत नाही, पेट्रोल जुन्यापेक्षा स्पष्ट कमी. ऑप्टिमॅक्स किंवा तेवढ्याच वजनाचं काही असेल तर विचार न करता घ्या. २.५ लिटरवालं हलकं टू-स्ट्रोक असेल तर इंजिनाच्या बजेटमध्येच हायड्रॉलिक स्टिअरिंग, वॉटर प्रेशर गेज, चार पात्यांचा प्रॉप आणि लांब बॅटरी केबल धरा, जॅक प्लेट नंतर आली तरी चालेल. आणि हे सगळं धरून आकडा हाताबाहेर जात असेल तर ३.४ लिटरचं व्ही-६ बघा, २१६ किलो, व्ही-८ पेक्षा तेरा किलो हलकं, हॉर्सपॉवर कमी पण जुन्या २०० च्या जागी आरामात बसतं, आणि माझ्यासारखी पॅडवर नाचायची हौस नसेल तर बहुतेकांना तेच पुरतं.